पाय मुरगळला, मुका मार लागला: वेदनाशामक मलम कोणतं, किती आणि कधी?

सायंकिरण

नमस्कार मंडळी. काल बॅडमिंटन खेळताना नवऱ्याचा उजवा पाय आतल्या बाजूला मुरगळला. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या जरा पुढे आणि खाली चांगलीच सूज आहे, आज सकाळपासून तिथे निळसर पडलंय. लंगडत का होईना, घरात चालतोय.

घरात तीन ट्यूबा सापडल्या. एकीवर डायक्लोफिनॅक लिहिलंय, दुसरीवर मेन्थॉल आणि मिथाईल सॅलिसिलेट, तिसरी कॅप्सेसिनची आहे (सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आणलेली). घरातले सगळे म्हणतात, गरम पडणारं मलम लाव आणि चांगलं रगड, सूज पांगेल. माझं मन धजावत नाहीये. यातलं कोणतं लावायचं? आणि मलमाने खरंच काही होतं का?

रेवती_फिजिओ

ट्यूब उघडायच्या आधी हाडाची खात्री करून घ्या. 1992 मध्ये ओटावामध्ये डॉ. इयान स्टिएल आणि सहकाऱ्यांनी यासाठी काही सोपे निकष मांडले, ते आजही जगभर वापरले जातात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली असतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेने वर साधारण 6 सेंटीमीटरपर्यंत बोटाने दाबून बघा. नेमकं हाडावर दाबल्यावर कळ येते का? मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीपासून मागे येताना मध्यावर एक उंचवटा लागतो, तिथे दाबा. पावलाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या जरा पुढे असलेल्या हाडावरही दाबून बघा. शेवटचा निकष चालण्याचा: पाय मुरगळल्यानंतर लगेच आणि आत्ता, सलग चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालतील.

यातलं एकही उत्तर गडबडीचं आलं, तर मलम बाजूला ठेवा आणि एक्स-रे काढा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी या चाचणीवर विसंबू नये, त्यांना दाबलेलं नीट कळतच नाही.

आणि रगडायचं अजिबात नाही. आत तंतू फाटलेत, बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात. पहिले दोन-तीन दिवस जोरात चोळलं किंवा शेकलं की आतला रक्तस्राव आणि सूज वाढते.

सायंकिरण

रेवतीताई, मनापासून आभार. सगळीकडे दाबून बघितलं. हाडावर दुखत नाही, त्याच्या पुढच्या मऊ भागात मात्र हात लावू देत नाही. चार पावलं टाकली, आणि मुरगळल्यावर कोर्टावरून स्वतःच चालत बाहेर आला होता.

रेवती_फिजिओ

मग बहुधा बाहेरच्या बाजूचं पुढचं लिगामेंट (हाडांना जोडणारी पट्टी) ताणलं गेलंय. पाय आत वळला की सर्वांत आधी तेच दुखावतं. तरी दोन-तीन दिवसांत वजन टाकणं सोपं व्हायला लागलं नाही, तर प्रत्यक्ष दाखवा.

खलबत्ता

मी औषधांच्या व्यवसायात आहे. या विषयावर लोकांचा गोंधळ रोज बघतो, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक जण ट्यूबचं नाव आणि जाहिरात लक्षात ठेवतात. तुम्ही ट्यूब उलटी करून मागचे घटक वाचलेत, तिथेच अर्धं काम झालं. सगळ्यांना आपण 'पेन रिलीफ क्रीम' म्हणतो, पण तुमच्याकडच्या तीन ट्यूबांची कामं पार वेगळी आहेत.

डायक्लोफिनॅक हे एनसेड गटातलं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं दाहशामक. इबुप्रोफेन, कीटोप्रोफेन, पायरोक्सिकॅम ही त्याचीच भावंडं. हे औषध त्वचेतून खाली झिरपतं आणि दुखावलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होणं कमी करतं. ठणका आणि सूज यांमागे या रसायनांचा मोठा हात असतो. घोटा, मनगट, बोटं अशा ठिकाणी दुखणं त्वचेच्या जवळ असतं, तिथे औषध नीट पोचतं. मांडीच्या सांध्यासारख्या खोल जागी तेवढी आशा ठेवू नये.

मेन्थॉल त्या रसायनांच्या वाटेला जात नाही. त्वचेतल्या चेतातंतूंवर थंडी ओळखणारा ट्रपएम8 नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो, मेन्थॉल त्यालाच चेतवतं. त्वचा खरोखर थंड झालेली नसते, मेंदूला मात्र तसा निरोप जातो आणि त्या गडबडीत दुखण्याचा निरोप मागे पडतो. कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या ट्रपव्ही1 या ग्राहकावर काम करतं. हे ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पाटापुटियन यांच्यासह. मिथाईल सॅलिसिलेट अॅस्पिरिनच्या कुळातलं आहे, पण मलमातला त्याचा मुख्य उपयोग त्वचेत ऊब आणि लाली आणण्याचाच.

म्हणून ताज्या मुरगळलेल्या पायाला डायक्लोफिनॅक. मेन्थॉलने तात्पुरतं बरं वाटेल, पण त्या ट्यूबमध्ये सॅलिसिलेटही आहे, तेव्हा दोन्ही एकावर एक थापू नका. कॅप्सेसिन परत सासूबाईंच्या कपाटात. त्याचा गुण यायला रोज लावून बरेच दिवस जावे लागतात, आणि ताज्या सुजेवर लावलं तर आगीत तेल.

माळरान

+१. खलबत्ता, हा प्रतिसाद वाचनखूण साठवून ठेवलाय.

नदीकाठ

मला एक शंका आहे. मुरगळलेला पाय आठवड्याभरात तसाही उतरतो. मग मलमाने बरं वाटलं की वेळेने, हे ठरवायचं कसं? माझा अंदाज, बरेचदा थंडगार जेल लावल्याचं समाधानच असतं.

खलबत्ता

शंका रास्त आहे, आणि म्हणूनच अशा चाचण्यांत एका गटाला औषध नसलेलं तसंच जेल देतात. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये अशा चाचण्या एकत्र करून तपासल्या. साधारण आठवड्याभराने दुखणं निदान निम्म्याने उतरलं का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. इमल्शन-जेल स्वरूपातल्या डायक्लोफिनॅकने 78 टक्के लोकांना तेवढा आराम पडला, नुसत्या जेलने 20 टक्के लोकांना. कीटोप्रोफेन जेलचे आकडे 72 आणि 33. डायक्लोफिनॅकच्या चिकटपट्टीचे 63 आणि 41.

तुमचा मुद्दा याच आकड्यांत दिसतो बघा. औषधाविना 20 ते 41 टक्के लोकांना आराम पडलाच. पण दोन गटांतला फरक समाधानाच्या खात्यावर टाकता येत नाही. आणखी एक गोष्ट कळते ती अशी की औषध एकच असलं तरी जेल की पट्टी, यानेही निकाल बदलतो. याउलट सॅलिसिलेटवाल्या, त्वचा लाल करणाऱ्या मलमांचा कॉक्रेनने 2014 मध्ये वेगळा आढावा घेतला, तिथे त्यांच्या बाजूने भरवशाचा पुरावा मिळाला नाही.

2020 मध्ये अमेरिकेतल्या फिजिशियन आणि फॅमिली डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी 207 चाचण्यांच्या आधारे शिफारस केली: कंबरदुखी वगळता अशा ताज्या दुखापतींत पहिला उपाय म्हणून एनसेडचं जेल वापरावं, मेन्थॉलसह किंवा त्याविना. गोळ्यांच्याही आधी जेलचं नाव घेतलंय, कारण आराम चांगला आणि त्रास कमी. डायक्लोफिनॅक जेल लावल्यावर रक्तात जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास औषध पोचतं, गोळीशी तुलना करता. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्यामुळे बराच दिलासा.

नदीकाठ

पटलं. आकडे दिल्याबद्दल आभार.

वाटसरू

पण मग ते 'पीस अँड लव्ह' काय आहे? आमचा धावण्याचा प्रशिक्षक म्हणतो की सूज ही शरीराची दुरुस्ती आहे, दाहशामक लावू नका, बर्फही नको. लहानपणापासून ऐकलेलं आराम, बर्फ, पट्टी, पाय वर हे सूत्र चुकीचं होतं का?

रेवती_फिजिओ

वाटसरू, या प्रश्नावर आमच्या क्षेत्रातही एकमत नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आराम-बर्फ-पट्टी-उंची हे सूत्र डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये दिलं. पुढे त्यांनी स्वतःच सांगितलं की बर्फ आणि संपूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. 2019 मध्ये दुब्वा आणि एस्क्युलिए या दोघांनी 'पीस अँड लव्ह' हे दुखापतीनंतरच्या काळजीचं नवं सूत्र मांडलं, त्यात दाहशामकं टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्यामागचा तर्क असा की दाह म्हणजे दुरुस्तीची पहिली पायरी. फाटलेले तंतू साफ करणाऱ्या पेशी त्याच वेळी येतात, आणि त्यानंतर नवे तंतू विणले जातात. पहिलीच पायरी दाबून टाकली तर पुढची कच्ची राहील, ही भीती.

ही भीती अगदीच हवेतली नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झालेल्या, घोटा मुरगळलेल्या 364 जणांवर एक चाचणी झाली होती, 1997 मध्ये ती प्रसिद्ध झाली. ज्यांना पायरोक्सिकॅमच्या गोळ्या दिल्या त्यांचं दुखणं कमी राहिलं, ते सरावाला लवकर परतले. पण तपासल्यावर त्यांच्यात घोटा थोडा सैल राहिल्याच्या खुणाही दिसल्या. आता हे औषधामुळे झालं, की दुखत नाही म्हणून लवकर पळायला लागल्यामुळे? मला दुसरी शक्यता जास्त वाटते. पेशंटमध्ये हेच पाहते. दुखणं थांबलं की माणूस बरा झालो असं धरून चालतो. लिगामेंटला मात्र ताकद परत यायला आठवडे लागतात, पूर्ण घडी बसायला महिने.

म्हणून मी जेलला विरोध करत नाही. रात्री ठणक्याने झोप लागत नसेल, पाऊल टेकवताना इतकं दुखत असेल की माणूस हालचालच टाळेल, तर जेल लावा. हालचाल बंद पडण्यात नुकसान जास्त आहे. पण जेल लावून त्याच आठवड्यात सामना खेळायचा, हे नको. दुखणं तुम्हाला किती भार पेलतोय ते सांगत असतं. ते पूर्ण गप्प झालं की अंदाज चुकतो.

बर्फाबद्दल: पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी करायला कापडात गुंडाळून 10 ते 15 मिनिटं लावायला माझी हरकत नाही. मेन्थॉल लावलेल्या जागेवर मात्र नको. तिथे त्वचेला थंडीचा अंदाज उरलेला नसतो आणि ती भाजते.

वाटसरू

ताई, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं. प्रशिक्षकाला हा धागा पाठवतो.

सायंकिरण

काल रात्री डायक्लोफिनॅक लावलं. पण किती लावायचं तेच कळलं नाही. मी वाटाण्याएवढं घेऊन पसरवलं.

खलबत्ता

फार कमी झालं, आणि 'जेलने काही फरक पडत नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच अडतं. एक टक्क्याच्या आसपासचं डायक्लोफिनॅक जेल असेल, तर एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. मापायची युक्ती: तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्याच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून सरळ पट्टी काढा, ते होतं साधारण अर्धा ग्रॅम. अशा चार पट्ट्या म्हणजे 2 ग्रॅम. घोट्याला चार ते सहा पट्ट्या लागतात. या हिशोबाने 30 ग्रॅमची ट्यूब अडीच ते पाच दिवसांत संपायला हवी. तुमची महिनाभर पुरत असेल तर औषध पुरेसं पोचतच नाहीये.

सगळ्या सुजेवर आणि तिच्या थोडं बाहेरपर्यंत पसरवा, हलक्या हाताने, चकाकी जाईपर्यंत. मोजा घालण्याआधी दहा मिनिटं थांबा, पाय धुवायला किमान तासभर. हात लगेच धुवा. वर प्लॅस्टिक गुंडाळू नका, शेकू नका. क्रेप बँडेज बांधायचं तर जेल मुरल्यावर, सैलसर. खरचटलं असेल तर ती जागा सोडून लावा. 2.32 टक्क्यांचं जास्त तीव्रतेचं जेल मिळतं, ते दिवसातून दोनदाच.

आठवड्यात फरक दिसला नाही तर डॉक्टर. मुरगळण्यासाठी दोन आठवड्यांपुढे स्वतःच्या मनाने लावत राहू नये.

अबोली_७

माझ्या आईला वॉर्फरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) चालू आहे. तिला खांद्याला मार लागलाय, आणि तिचा जुना भरवशाचा बाम ती दिवसातून कितीतरी वेळा चोळते. बाहेरूनच लावतेय म्हणून मी काही बोलले नव्हते. आता धागा वाचून शंका आली.

खलबत्ता

अबोली, बामच्या डबीवर मिथाईल सॅलिसिलेट असेल तर आजच थांबवा आणि वॉर्फरिन देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. ते त्वचेतून शोषलं जातं. वॉर्फरिनसोबत असे बाम भरपूर लावल्याने आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. हिरड्यांतून रक्त, अंगावर उगाच काळेनिळे डाग, काळी शौच यातलं काही दिसलं तर वाट न बघता दवाखाना. एनसेड जेलसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय नको. मार लागल्यावर खांद्याचा निळेपणा पसरत असेल तर तेही दाखवा.

अॅस्पिरिनने दम लागणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनीही आधी विचारावं. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत एनसेड जेल नाहीच, आणि त्याआधीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. आधीच एनसेडची गोळी चालू असेल तर वरून जेल लावून फायदा फारसा वाढत नाही, त्रास वाढू शकतो.

अबोली_७

डबीवर आहे. बंद केलं, दवाखान्यात फोन केलाय, उद्या आयएनआर तपासायला बोलावलंय. खूप खूप आभार, दादा.

माळरान

उन्हात खेळणाऱ्यांसाठी एक भर. कीटोप्रोफेन जेल लावलेल्या जागी ऊन लागलं तर त्वचेवर फोड येऊ शकतात. जेल चालू असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे ती जागा कपड्याखाली ठेवायची असते. आमच्या ग्रुपमध्ये एकीच्या पोटरीवर पट्टीच्या आकाराचा लालभडक चट्टा उठला होता, कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या सरळ. महिनोन्महिने डाग गेला नाही.

शिवाय मेन्थॉल-सॅलिसिलेट लावून वर हीटिंग पॅड, हा प्रकार फार चालतो. 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा मलमांनी भाजल्याच्या 43 घटनांवरून इशारा दिला होता. काहींना तर एकदाच लावून फोड आले होते. गार वाटणाऱ्या मलमाने भाजतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

दवबिंदू

मुलगा आठ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये सारखा मार लागतो. त्याला कोणतं चालेल? आणि घरात मांजर आहे, ती त्याच्याच अंथरुणात झोपते.

खलबत्ता

दवबिंदू, डायक्लोफिनॅक जेलच्या माहितीपत्रकात 14 वर्षांखालच्या मुलांसाठी नको असंच लिहिलेलं असतं. सॅलिसिलेट मुलांना नको. मुक्या माराला कापडात गुंडाळलेला बर्फ, पाय वर आणि गरज पडली तर वजनानुसार पॅरासिटामॉल पुरतं. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकाचा वाढीचा भाग लिगामेंटपेक्षा नाजूक असतो, त्यामुळे सांध्याजवळ हाडावर दुखत असेल तर 'मुरगळलंय' म्हणून सोडून देऊ नका.

विंटरग्रीनचं शुद्ध तेल घरात असेल तर कुलुपात ठेवा. ते जवळपास निव्वळ मिथाईल सॅलिसिलेट असतं. एक चमचा, म्हणजे 5 मिलीलीटर, सुमारे 7 ग्रॅम अॅस्पिरिनच्या बरोबरीचं. लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

मांजरीचं विचारलंत ते बरं झालं. 2015 मध्ये एफडीएने फ्लर्बिप्रोफेन (हेही एनसेडच) असलेल्या मलमांबद्दल सावध केलं होतं. मालक स्वतःच्या अंगाला ते लावत होते, आणि घरातल्या मांजरी दगावल्या. मांजरीचं शरीर ही औषधं नीट पचवू शकत नाही आणि ती सतत चाटते. घरात कोणीही जेल लावलं तर ती जागा झाका, हात धुवा, मलम लागलेलं कापड तिच्या वाटेत ठेवू नका.

वाटसरू

पोटरीबद्दल कोणी लिहिलं नाही. धावणाऱ्यांना पोटरीत उसण भरणं नेहमीचं, आणि सगळे तिथे मलम चोळतात.

रेवती_फिजिओ

पोटरी दुखावल्याचा नेमका क्षण आठवत असेल, तर ते सहसा स्नायूचं. पण काहीही न होता एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दाबल्यावर दुखतेय, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, ऑपरेशननंतर किंवा बराच काळ अंथरुणात काढल्यावर, तर ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मलम नाही, मालिश तर मुळीच नाही. त्याच दिवशी डॉक्टर. सोबत दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट इमर्जन्सी.

टाचेच्या वर 'कोणीतरी मागून लाथ मारली' असं वाटून पाय गळाला असेल तर अकिलीस टेंडन (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी दोरी) तुटलेलं असण्याची शक्यता. अशांना दुखणं कधीकधी फारसं नसतं, म्हणून लोक जेलवर आठवडे काढतात. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना टाच दुखायला लागली तर धावणं बंद करा. या औषधांनी टेंडन तुटू शकतं.

सायंकिरण

खलबत्तांनी सांगितलं तेवढं जेल आता लावतोय. सूज उतरतेय, निळं पिवळसर होत चाललंय, रात्रीची झोप लागली. आता तो म्हणतो शनिवारी कोर्टावर जातो. रेवतीताई, तुम्हीच सांगा त्याला.

रेवती_फिजिओ

त्याला दुखऱ्या पायावर, भिंतीजवळ, आधाराला हात न लावता अर्धा मिनिट उभं करा. मग डोळे मिटून. मग त्याच पायाच्या चवड्यावर सावकाश वर-खाली, दुसऱ्या पायाने जितके वेळा होतं तितके वेळा. हे सगळं जेल न लावता, सकाळी. यात पाय डगमगला किंवा दुखलं तर शनिवार विसरा. बॅडमिंटनमध्ये बाजूला झेप घ्यावी लागते, आणि पहिल्यांदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला फार वेळ लागत नाही.

आजपासून पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची, खुर्चीवर बसून, दिवसातून तीन-चारदा. दुखणं सोसवेल तसं एका पायावर उभं राहण्याचा सराव, दात घासताना केला तरी चालतो. तोल सांभाळण्याचा हा सराव चालू ठेवणाऱ्यांचा घोटा पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे चाचण्यांत दिसलंय. खेळायला लागल्यावरही काही महिने सोडू नका, आणि सुरुवातीला घोट्याला ब्रेस किंवा टेप असू द्या.

सायंकिरण

त्याने वाचलं. डोळे मिटून पाच सेकंदही उभं राहता आलं नाही. शनिवार रद्द.